सुटे डॉलर, चांगला रेट

मी चाकणच्या एका कंपनीत पर्चेसला आहे. गाड्यांना लागणारे रबरी बुश, वॉशर, नटबोल्ट असल्या वस्तू आम्ही विकत घेतो, आणि त्या स्वस्तात घेतो म्हणून मला पगार मिळतो. एकवीस वर्षं हे काम केल्यावर माणसाचं काय होतं ते माझ्या बायकोला विचारा. तापाची गोळी आणायला गेलो तरी मी पूर्ण पाकीट घेतलं तर काय लावाल असं विचारतो. आमच्या लग्नपत्रिकेसाठी मी तीन छापखान्यांकडून कोटेशन मागवली होती. सासऱ्यांना तेव्हा वाटलं, जावई व्यवहारी आहे. त्यांचा तो गैरसमज मी अजून दूर केलेला नाही.

तर असा मी, गेल्या वर्षी आई आणि बायकोला घेऊन थायलंडला निघालो. परदेशी जायची आमच्या घरातली ही पहिलीच वेळ. वडील पिंपरीच्या कारखान्यात फिटर होते. ओव्हरटाइम करून त्यांनी चिखलीत दोन खोल्या बांधल्या आणि मला शिकवलं, पण लोणावळ्याच्या पुढे त्यांना फारसं जाता आलं नाही. ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली.

या सगळ्या ट्रिपमध्ये आईला एकच गोष्ट हवी होती. आमच्या वस्तीतल्या विहारातली बुद्धमूर्ती थायलंडहून दान आलेली आहे. ती बसवली तेव्हा तिकडचे भिक्खू आले होते, आणि त्यांतल्या एकानं आईला एक फोटो दिला होता: बँकॉकच्या राजवाड्यातल्या मंदिरात बसलेला छोटा, हिरव्या दगडाचा बुद्ध. तेव्हापासून आईच्या मनात होतं, त्याच्यासमोर बसून एकदा वंदना म्हणायची. बीच, हत्ती, मॉल यांतलं तिला काहीही नको होतं. "मला फिरायचं न्हाई रं. तेवढा एक बघू दे, मग तुमी कुटं बी न्या," असं ती म्हणाली. पंचाहत्तरीला टेकलेल्या बाईनं आयुष्यात मुलाकडे मागितलेली बहुधा ही पहिलीच गोष्ट. तिचे गुडघे पाहता पुन्हा विमानात बसणं तिला जमणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मी मात्र त्या दिवसांत एका जास्त पवित्र कामात गुंतलो होतो. मला डॉलर घ्यायचे होते.

बाट, म्हणजे तिकडचे पैसे, इथून घ्यायचे नसतात, ते महाग पडतात. इथून डॉलर न्यायचे आणि तिकडे शहरातल्या चांगल्या काउंटरवर बदलायचे. विमानतळावर बदलणारा माणूस मूर्ख, कार्ड वापरणारा त्याहून मूर्ख, कारण बँक त्यावर मार्कअप लावते. हे ज्ञान मी पंधरा दिवस रोज जेवताना मोबाइलवर व्हिडिओ बघून मिळवलं होतं. मग एक्सेलमध्ये शीट केली. वाकडच्या बँकेचा रेट, विमानतळाचा रेट, ऑफिसातल्या एका मित्राच्या ओळखीतला रेट, आणि पिंपरीतल्या एका छोट्या दुकानाचा रेट. जीएसटी वेगळा कॉलम. सगळ्यात कमी रेटवाल्याच्या ओळीला हिरवा रंग दिला. ऑफिसात कुणी मागे येऊन उभं राहिलं की मला वाटायचं, साहेबांना कळलं तर ते खूशच होतील.

वाकडच्या बँकेचा रेट प्रत्यक्ष विचारायला मी अर्धा दिवस रजा टाकून गेलो. चाकणहून निघालो, चौकात ट्रकांच्या मागे पाऊण तास उभा राहिलो, आणि तिथल्या मुलीनं सांगितलं की फोनवर सांगितला तोच रेट आहे. त्या दिवशी पेट्रोलचा कॉलम शीटमध्ये नव्हता, म्हणून तो खर्च झालाच नाही असं धरलं.

शेवटी पिंपरीचं दुकान उरलं. मोबाइल रिपेअरिंगच्या वर, अरुंद जिन्यानं जायचं. टेबलामागे चष्मेवाले गृहस्थ बसले होते. मी शेवटचा रेट विचारला. त्यांनी सांगितला. मी पुन्हा शेवटचा रेट विचारला. चौथ्या वेळी त्यांनी चष्मा काढला.

"साहेब, तुम्ही पर्चेसला आहात का हो?"

"कसं ओळखलंत?"

"इकडं अर्धी गिऱ्हाइकं पर्चेसचीच येतात. हे बघा, याच्या खाली शंभरच्या कोऱ्या नोटा मला परवडत नाहीत. फिरून आलेले लोक सुट्या नोटा परत देतात, त्या पडून आहेत माझ्याकडं. दहाच्या, पाचच्या, थोड्या एकच्या. त्या घेत असाल तर डॉलरमागे चाळीस पैसे कमी लावतो. पण आधीच सांगतो, तिकडं सुट्या नोटांना कटकट करतात."

माणूस प्रामाणिक होता. यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार? पण मला त्या सगळ्या बोलण्यातले फक्त चाळीस पैसे ऐकू आले. नऊशे डॉलरवर तीनशे साठ रुपये! मी म्हणालो, "डॉलर तो डॉलरच, द्या." त्यांनी पासपोर्टची झेरॉक्स घेतली, पावती दिली, आणि नोटांची भलीमोठी गड्डी पुढे ठेवली. काही नोटांवर कुणाचे तरी शिक्के होते, एकीवर पेननं फोन नंबर लिहिलेला होता. मी ती गड्डी छातीशी धरून जिना उतरलो.

कंपनीत दरवर्षी नवीन मुलं येतात, तेव्हा मी त्यांना पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगतो. सप्लायरला रेटमध्ये जास्त पिळलं की तो मालात काढतो, म्हणून रेटच्या आधी स्पेसिफिकेशन बघा. हे मी इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगतो की मुलं वहीत लिहून घेतात. त्या दिवशी जिन्यावर हे वाक्य मला आठवलंसुद्धा नाही.

पॅकेजमधले पहिले तीन दिवस नीट गेले. जेवण, बस, हॉटेल सगळं आधीच भरलेलं होतं, आणि चहापाण्याला विमानतळावर मोठ्या दुःखानं बदललेले थोडे बाट पुरले. बँकॉकची सिटी टूर मात्र पॅकेजमध्ये जादा पैसे भरून घ्यावी लागत होती. ती मी अर्थातच घेतली नाही. शेवटचा दिवस मोकळा होता, परतीचं विमान रात्रीचं. आपल्या आपण राजवाड्यात जाऊ, निम्म्या पैशात होईल, असं माझं नियोजन.

त्या सकाळी आई सहाला उठून तयार होती. पांढरी साडी, हॉटेलातली इस्त्री फिरवून कडक केलेली. नाश्ता तिनं धड केला नाही. रस्त्यात कमळाच्या कळ्या विकणारी बाई दिसली तेव्हा बायकोनं उरलेल्या बाटांतून एक जुडी घेऊन आईच्या हातात दिली. मी म्हणालो, आधी दहा मिनिटं नोटा बदलू, मग थेट मंदिर.

व्हिडिओतलं ते सुप्रसिद्ध काउंटर सापडलं. बोर्ड मी दोनदा वाचला. एकाच डॉलरचे तीन रेट होते. शंभर आणि पन्नासच्या नोटांना एक, वीस-दहा-पाचला कमी, आणि एकच्या नोटेला बघवणार नाही असा. काचेमागच्या मुलीनं माझी गड्डी घेतली, एकेक नोट उजेडात धरली, शिक्क्यावाल्या नोटा बाजूला काढल्या आणि हसत परत केल्या. उरलेल्यांचा हिशेब करून दाखवला. माझ्या तीनशे साठ रुपयांच्या कितीतरी पट पैसे तिथंच गेले.

दुसरा कुणी असता तर नशिबाला दोन शिव्या घालून सही करून मोकळा झाला असता. मी त्या मुलीशी घासाघीस सुरू केली. मोडक्या इंग्रजीत तिला सांगितलं की नऊशे डॉलर आहेत, मोठा लॉट आहे, काहीतरी बघा. तिनं बोटानं बोर्ड दाखवला. मी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा बोर्ड दाखवला. मागे रांग वाढली. मी गड्डी उचलली आणि बाणेदारपणे बाहेर पडलो, जणू ती मला मागून हाक मारणार होती.

मग दुसरं काउंटर, तिसरं, चौथं. एकाकडे रेट बरा पण सुट्या नोटा घेतच नव्हता. एकाकडे जेवणाची सुट्टी. ऊन असं की डांबर चिकटत होतं. आई कुठे दुकानाच्या पायरीवर, कुठे प्लास्टिकच्या स्टुलावर बसायची, आणि बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन कळ्यांवर शिंपडायची. बायको म्हणाली, "अहो, तिकिटापुरते बदला ना. बाकीचं नंतर बघू."

"लॉट फोडला की रेट पडतो," मी म्हणालो.

"मग कार्ड आहे ना तुमच्याकडे? तिकीट कार्डावर काढू."

"साडेतीन टक्के मार्कअप आहे त्याला."

आई म्हणाली, "करू दे गं त्याला. त्याला कळतंय त्यातलं." मला त्यातलं कळतं, यावर आईचा अजूनही विश्वास होता.

पावणेतीनला मी हरलो. म्हणजे सगळ्यात वाईट रेट देणाऱ्या काउंटरवर, सकाळच्याहून कमी पैशात, चांगल्या नोटा बदलल्या. शिक्क्यावाल्या तशाच खिशात राहिल्या. मंदिर किती वाजता बंद होतं हे बघायचं मात्र राहून गेलं होतं, कारण त्याला रेट नव्हता. बायकोनं मोबाइलवर बघितलं आणि ओरडली, "साडेतीन!"

आम्ही पळत रस्त्यावर आलो. तीनचाकीवाल्यानं दोनशे बाट सांगितले. मी एकशे वीस म्हणालो. आजही लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण मी एकशे वीसच म्हणालो. तो निघून गेला. दुसऱ्यानं अडीचशे सांगितले. तिसऱ्याला मी दोनशे दिले आणि ट्रॅफिकमध्ये बसून त्याच्या पाठीकडे बघत राहिलो.

तीन चाळीसला आम्ही गेटवर होतो. गणवेशातल्या माणसानं हात आडवा धरला, अगदी नम्रपणे मान लववली आणि उद्या या म्हणून खुणेनं सांगितलं. मी खिशातून नोटा काढल्या, त्यानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्याही किमतीला मी तयार होतो, आणि समोर विकायलाच कुणी नव्हतं.

आतून लोक बाहेर पडत होते. त्यांत नऊवारीतली एक बाई दिसली, नागपूरकडची असावी. आईनं तिला थांबवलं. "बाई, कसा हाय वो आत?"

ती बाई भारावलेली होती. म्हणाली, "लय उंचावर बसला आहे, माय. मान दुखते वर पाहून. आणि बाहेर एवढी आग आहे, पण आत गेलं की गार वाटते."

आईनं ते लक्ष देऊन ऐकलं. मग समोरच्या फुटपाथवर चपला काढल्या, राजवाड्याच्या भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर हात टेकत बसली, कळ्या पुढ्यात ठेवल्या आणि हळू आवाजात वंदना म्हटली. माणसं वळसा घालून जात होती. मी चपलांपाशी उभा होतो. रडू येत होतं आणि ते लपवायला मी मोबाइलमध्ये काहीतरी बघत असल्याचं नाटक करत होतो. विमानात मी तिला म्हणालो, आई, चुकलं माझं. ती म्हणाली, "झोप आता," आणि खिडकीकडे तोंड केलं.

परत आल्यावर पहिल्या रविवारी तिला विहारात घेऊन गेलो. त्रिशरण झालं, पंचशील झालं, सगळे एका सुरात म्हणाले, आईचा आवाज माझ्या शेजारी सगळ्यात खणखणीत. मग बायकांनी तिला घेरलं. दिसला का? जवळून बघितला का? कसा आहे?

मला उठून जायचं होतं. पण चटईवर आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

"दिसला की," आई म्हणाली. "लई उंचावर बसलाय. मान दुखती वर बघून. बाहेर एवढं ऊन, पण आत गेलं की गार वाटतं. लेकानं हाताला धरून नेलं मला."

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, लेक असावा तर असा. आई म्हणाली, "व्हय."

दहाच मिनिटांपूर्वी तिनं त्याच चटईवर पंचशील म्हटलं होतं. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. जन्मभर पाळलेलं ते शील आईनं माझ्यासाठी मोडलं.