डाव्या बाहीच्या चुण्या

बापाचा डावा हात तरुणपणीच मोडलेला. नीट बसवलाच नाही, म्हणून कोपरात कायम वाकडा राहिला. तो गेल्यावर चुलत्यांनी रिवाजाप्रमाणं त्याचे कपडे वाटून टाकले. खुंटीवरचा रोजचा पांढरा सदरा तेवढा मी पिशवीत कोंबला आणि किनवटकडून वाळूजला, कंपनीत परत आलो. त्या सदऱ्याची डावी बाहीसुद्धा कोपरात वाकलेलीच होती. फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा. त्यात बाप ओळखूच येत नाही.

म्हणून सदऱ्याचं चित्र काढायचं ठरवलं. मी सातवीत शाळा सोडलेला. पण गल्लीतल्या रिटायर ड्रॉइंगच्या सरांनी जलरंगांची जुनी पेटी हातात दिली, शिकवायलाही बसले. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. मी आधी पेटीत पांढरा रंगच शोधत बसलो. सर म्हणाले, "पांढरं रंगवायचं नसतं. कागद तसाच सोडायचा. तू फक्त सावली रंगव." सावली म्हणजे चुण्या. बाप जो काय उरला होता, तो त्या चुण्यांतच.

सुट्टीच्या दिवशी कॉलर झाली, उजवी बाही झाली. डावी पुढच्या सुट्टीला ठेवली. मग कामावर जीव थाऱ्यावर नाही. वाऱ्यानं सदरा खोलीतल्या खुंटीवरून पडला तर?

वारा नाही, मावशी आली. आमची घरमालकीण. मला ताप आला तेव्हा खिचडी तिनंच भरवली. खोलीची एक किल्ली तिच्याकडंच असते. शिफ्टवरून आलो तर सदरा कॉटवर. धुतलेला, नीळ घातलेला, कडक इस्त्रीचा.

"इतका मळका सदरा लटकवून ठेवतं का कुणी? वास यायला लागला व्हता."

लई उपकार झाले मावशी, असं म्हणालो आणि दार लावून घेतलं.

बाही नळाखाली धरली, सदरा अंगात घातला, डावा हात बापासारखा वाकवून बसलो. वाळेपर्यंत हललो नाही. चुण्या पडल्या, पण भलत्याच जागी. माझा हात त्याच्यापेक्षा लांब. पुन्हा भिजवली. पुन्हा बसलो. हात बधिर झाला.

दारावर थाप पडली. मावशी जेवणाचं ताट घेऊन उभी.

"हाताला काय झालं रं?"

"बापाचा असाच होता."

तिनं ओल्या बाहीकडं बघितलं. भिंतीला टेकवलेल्या अर्ध्या चित्राकडं बघितलं. ताट खाली ठेवून शेजारी बसली, आणि हळूच विचारलं, "कितपत वाकडा व्हता?"

मी दाखवायला गेलो, आणि मला नक्की आठवेना.