दाढ काढली, पण धोटा कोण चोखणार?

दाढ काढताना काय होतं, असं कुणी घाबरत घाबरत विचारलं तर मी सांगतो, काढताना काही होत नाही बाबा, खरी गंमत नंतर सुरू होते.

तेव्हा मी सोलापुरात गिरणीत माग चालवायचो. मागात सूत घेऊन इकडून तिकडं धावणाऱ्या लाकडी धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी भरायची, धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावायचं आणि श्वासासरशी सूत बाहेर ओढायचं. दिवसभर हेच. सुताबरोबर गार वारा आत यायचा तो नेमका माझ्या किडक्या दाढेवर, आणि डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. तरी लवंग धरून दिवस ढकलले, कारण एक खाडा झाला की फाटकाशी ताटकळणाऱ्या बदली कामगाराला आपला माग मिळायचा. त्या बदली कामगारांत आमच्या जॉबरचा, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाचा, मेव्हणा सगळ्यांत पुढं. एकदा त्याच्या हाती गेलेला माग मला परत मिळाला असता, तर मग काय पाहिजे होतं.

शेवटी आईच म्हणाली, "आरशात बघ की जरा. गाल हाय का वांगं?"

सुट्टीच्या दिवशी शुक्रवार पेठेत एका दात काढणाऱ्याकडं गेलो. त्याच्या भावानं मागून माझं डोकं धरलं. यानं लई प्रेमानं विचारलं, "कौन से गाँव के?" मी "मंगळवेढ्या" म्हणेपर्यंत चिमटा आत गेला होता. उरलेला "चा" मी ओरडूनच पुरा केला. मग कापसाचा बोळा दाबून त्यानं बजावलं, "दो रोज कुछ चूसने का नै. चूसे तो खून फिर चालू होता."

घ्या आता. मला पगारच चोखायचा मिळत होता.

दुसऱ्या दिवशी बोळा धरूनच मागावर उभा राहिलो. पहिली कांडी संपली. धोटा हळूच ओठाला लावून ओढला, तर तोंड रक्तानं भरलं. खात्याच्या त्या टोकाहून जॉबर येताना दिसत होता.

शेजारच्या मागावर एक वयस्कर तेलुगू विणकर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांनी माझ्या हातातला धोटा घेतला, तोंड लावलं, सूत ओढलं आणि धोटा परत दिला.

मी बघतच राहिलो. दुसऱ्याच्या तोंडचा धोटा आमच्यात कुणी घेत नसे. मी तर माझ्या धोट्यांवर खूण करून ठेवली होती. आईची शिकवण तशीच होती. घरचा पितळी तांब्या ती बाहेरच्या कुणाच्या ओठाला लागू देत नसे. पण जॉबर जवळ आला होता. मी धोटा मागात टाकला आणि माग सुरू केला.

दिवसभर अण्णांनी स्वतःचेही धोटे ओढले आणि माझेही. जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "अण्णा, तुमची दाढ न्हाय दुखत?"

त्यांनी आ केला. आत नुसत्या हिरड्या. "दात असला तर दुखतो की," ते म्हणाले. "सगळा धोट्यानं खाल्ला."

घरी आईनं विचारलं तेव्हा धोट्याचं सांगून टाकलं. आता आंघोळ करायला लावते, असं मला वाटलं. सकाळी बघतो तर फडक्यात माझ्या कण्यांशेजारी दुसरं गाठोडं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, अण्णांसाठी. तिची कडक भाकरी मोडली की शेजारी ऐकू जायची. अण्णांनी ती भाकरी कपाळाला लावली आणि तशीच बांधून ठेवली.

संध्याकाळी आईला सांगितलं, अण्णांना दात नाहीत. तिनं कपाळावर हात मारला. "मेल्या, आदी सांगायचं न्हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी तिनं मऊ भाकरी ताकात कुस्करली, मीठ घातलं, आणि तो काला पितळी तांब्यात भरून माझ्यापुढं ठेवला.

"आई, तांब्या उष्टा व्हईल की," मी म्हणालो.

"तुजा धोटा झालाच की उष्टा," ती तांब्याला फडकं बांधत म्हणाली. "माग चालला न्हवं?"