सूर्याचा विरोधी पक्ष

सूर्यावरचा स्फोट थोड्या वेळात आटोपतो. तोच स्फोट कॉम्प्युटरवर घडवायला आम्हाला आठवडेच्या आठवडे लागतात. मधल्या काळात आम्ही वाट पाहतो, चहा पितो आणि एकमेकांच्या चुका काढतो. किस्से तयार होतात ते इथेच. डिस्क भरली की सिम्युलेशनच्या जुन्या फाइल्स उडवाव्या लागतात, किस्से मात्र कोणी उडवत नाही. त्यामुळे आमच्याकडे आकडे कमी आणि किस्से जास्त साठलेत. परवा मैत्रीण म्हणाली, "ईशा, लिहून काढ. तुमच्या पेपरपेक्षा जास्त लोक वाचतील." खोटं नाही. आमचा मागचा पेपर तिघांनी वाचला, आणि ते तिघंही लेखकच होते!

ते तिघं असे. गावंडे सर, आमचे गाइड. संघमित्रा ताई, नागपूरजवळच्या पारशिवनीची, सरांची सगळ्यात सीनियर विद्यार्थिनी, पीएचडी संपवायच्या बेतात. आणि मी, नागपुरातल्याच महाल भागातली, सगळ्यात ज्युनियर आणि ताईच्या मते सगळ्यात घाईची.

*

एकदा आमच्या रिसर्च सेंटरची पाहणी करायला समिती आली. सरांनी त्यांना समजावून सांगितलं. सूर्यावर चुंबकीय रेषा असतात, ताणलेल्या रबरासारख्या. उलट दिशांच्या रेषा एकमेकींजवळ दाबल्या गेल्या की तुटतात आणि नव्या जोडीने जुळतात. याला रिकनेक्शन म्हणतात. त्यात ताण सुटतो आणि तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, गोफणीतून सुटल्यासारखा खाली धावतो. खाली रेषांच्या कमानी आधीच उभ्या असतात. त्यांच्यावर तो आदळतो.

"उड्डाणपुलावरून सुसाट आलेल्या गाड्या खालच्या सिग्नलला एकदम ब्रेक मारतात," सर म्हणाले. "मोकळा रस्ता संपतो आणि गर्दी सुरू होते, ती जी कडा, तो शॉक. संघमित्राचा प्रबंध या शॉकवर आहे."

समितीतले एक ज्येष्ठ सदस्य मन लावून ऐकत होते. खोलीभर नजर फिरवून ते म्हणाले, "फार छान. पण उपकरणं कुठे आहेत?"

सरांनी टेबलावरच्या मॉनिटरकडे बोट दाखवलं. "हाच आमचा सूर्य."

मॉनिटर काळाठिक्कर होता. सदस्यांनी हळू आवाजात विचारलं, "बिघडलाय का?"

"नाही सर, झोपलाय," ताई म्हणाली आणि तिने माउस हलवला. स्क्रीनवर लाल-पिवळी कमान उजळली.

समितीने टाळ्या वाजवल्या. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'उपकरणे चालू स्थितीत आहेत'!

*

ताई सुटीत गावी गेली की तिचे मोठे काका हमखास विचारतात, "मित्रा, तू काय करून राहिली म्हणे?"

"सूर्यावर काम करून राहिली, काका."

काकांनी थोडा विचार केला. "मंग पोस्टिंग कुठं भेटन?"

ताईने समजावलं की तिकडे जायचं नसतं, सगळं कॉम्प्युटरमध्येच असतं. सूर्यावर स्फोट कसा होतो ते ती लॅबमध्ये करून पाहते. काका दारातल्या उन्हाकडे बघत म्हणाले, "करून पाहते त मे महिन्यात काहून करते वं? थंडीत करत जा ना!"

*

आता विरोधी पक्षाबद्दल सांगते. ही सरांची पद्धत. प्रत्येकाच्या प्रबंधाला लॅबमधलाच एक विरोधी पक्ष नेमलेला असतो. त्याचं काम एकच, समोरच्याचा निष्कर्ष मोडून काढणं. त्याला सगळ्या फाइल्स उघडायची परवानगी असते आणि तो मागेल तो रन, म्हणजे सिम्युलेशनची फेरी, करून पाहायचा, असा संकेत असतो. सर म्हणतात, "बाहेरचा माणूस मोडेल तेव्हा आपल्याला रडायलाही वेळ मिळणार नाही. घरच्याने मोडलं तर निदान दुरुस्त करता येतं."

ताईचा विरोधी पक्ष मी. नेमणूक झाली त्याच दिवशी मी तिला माझं धोरण सांगितलं. "ताई, खोटा शॉक छापण्यापेक्षा प्रबंध फाडून टाकलेला बरा."

"प्रबंध कोणाचा वं?"

"तुझा."

"मंग बरोबर हाये!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कागदाच्या दोन प्लेट घेऊन आली. "ईशा, तर्री पोहे खाशीन का?"

"ताई, हे आमिष आहे."

"आमिष नाई, नाश्ता हाये. खा अन् भांड."

मी खाल्ले, आणि नंतर भांडले. तर्री फार तिखट होती, त्यामुळे भांडणही बरं झालं.

*

गावंडे सर कधी एक्साइट होत नाहीत. झालेले मी एकदाच पाहिले.

ताईच्या एका रनमध्ये, मुख्य शॉक नीट उभा असताना, डावीकडून एक नवीनच लाट आली. कुठून आली ते कळेना. कोणत्याही पेपरमध्ये अशी लाट नव्हती. सरांनी खुर्ची ओढली, तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला आणि लगेच दुसऱ्या शहरातल्या आपल्या जुन्या मित्राला फोन लावला. "अरे, सूर्याच्या वातावरणात बाहेरून काहीतरी येतंय!" मी तर मनातल्या मनात लाटेचं बारसंही करून टाकलं.

ताई मात्र सेटिंगची फाइल वाचत होती. कॉम्प्युटरमधला सूर्य एका चौकोनी डब्यात असतो. डब्याच्या कडांवर काय व्हावं, ते आपणच ठरवून द्यायचं असतं. या रनमध्ये चुकून अशी सोय राहून गेली होती, की उजव्या कडेतून जे बाहेर पडेल ते डाव्या कडेतून परत आत येईल.

सरांचा फोन चालूच होता. ताईने त्यांच्या खांद्यामागून म्हटलं, "सर, पाहुणे नाईत. घरचेच हायेत. समोरून गेले अन् मागच्या दारानं आले."

सरांनी फोनवर सांगितलं, "मी जरा नंतर बोलतो."

*

पुढचा घोळ मात्र माझा, आणि त्यातूनच सगळं रामायण सुरू झालं.

पुस्तकात लिहिलेलं असतं की प्लाझ्माला विजेचा रोध अजिबात नसेल, तर चुंबकीय रेषा तुटू शकत नाहीत. मी म्हटलं, विरोधी पक्षाने मुळापासून सुरुवात करावी. रोध शून्य केला आणि रन लावला. रेषा तुटल्या! जुळल्या! प्लाझ्मा धावत सुटला!

मी धावतच सरांच्या केबिनमध्ये. "सर, पुस्तक चुकीचं आहे!"

सरांनी चष्मा पुसला. "कोणतं पुस्तक?"

"सगळीच!"

सरांनी एक चौकटीचा कागद काढला. त्यावर अगदी जवळजवळ दोन रेषा काढल्या आणि मला विचारलं, "दोन्ही एकाच चौकटीत आल्या, तर कॉम्प्युटरला त्या वेगळ्या दिसतील का?" दिसणार नव्हत्या. कॉम्प्युटर डब्यातल्या सूर्याच्या अशाच चौकटी पाडतो आणि एका चौकटीचा एकच आकडा धरतो. दोन रेषा चौकटीपेक्षा जवळ आल्या की त्याच्या हिशेबात त्या मिसळूनच जातात. म्हणजे रेषा सूर्याने तोडल्या नव्हत्या, माझ्या जाड चौकटींनी तोडल्या होत्या.

सर म्हणाले, "पुस्तकं राहू देत सध्या."

पण एक शंका माझ्या डोक्यात घुसली ती घुसलीच. चौकटी रेषा तोडू शकतात, तर शॉकही उभा करू शकतील की! ताईचा शॉक चौकटींनीच तयार केला नसेल कशावरून? एकच उपाय होता. चौकटी खूप बारीक करायच्या आणि तोच रन पहिल्यापासून लावायचा.

अडचण अशी, की ताईला विद्यापीठाने दिलेली मुदतवाढ शेवटची होती. प्रबंधाआधीच्या सेमिनारची तारीख लागली होती. शॉक खोटा निघाला तर अख्खा प्रबंध कोसळणार, आणि नवीन काम करायला वेळच नाही. नोंदणी रद्द. इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात.

सर म्हणाले, "संघमित्रा, विरोधी पक्षाची मागणी आहे. पण वेळ पाहता नाही म्हणालीस तरी मी काही बोलणार नाही."

ताईने माझ्याकडे पाहिलं. "लाव."

"आणि शॉक गेला तर?" मी विचारलं.

"गेला त तू सांगशीन ना मले. दुसऱ्यानं सांगण्यापरीस बरं."

*

तो रन लागला ऐन मे महिन्यात. कॉम्प्युटरच्या आत प्लाझ्मा कोटीभर अंशांवर मजेत होता. बाहेर नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि मशीन गरम होऊन बंद पडायला लागली. एसी दमला. मी घरून कूलर आणायची तयारी दाखवली, तर मशीन सांभाळणारे इमरान भाई ओरडले, "मॅडम, कूलर की हवा में पानी रहता है! आपका सूरज भीग जाएगा!"

शेवटी इमरान भाईंनी खिडक्यांना पुठ्ठे लावले, दारावर जाड चादर टांगली आणि बाहेर कागद चिकटवला, 'कृपया दार उघडू नये, आत सूर्य आहे'. खालच्या मजल्यावरचे लोक मुद्दाम तो कागद वाचायला वर यायचे, आणि वाचून झालं की दार उघडून बघायचे!

*

आणि मग एका दुपारी शॉक गेला.

मी नुकत्याच आलेल्या चित्रांवरून नजर फिरवत होते. बारीक चौकटींमध्ये रिकनेक्शन जुन्यासारखं सरळ चाललंच नव्हतं. जिथे रेषा जुळत होत्या तिथे गाठी तयार होत होत्या, आणि प्लाझ्मा धारेसारखा न पडता गोळ्या-गोळ्यांनी पडत होता. त्यातला एक मोठा गोळा कमानीवर आदळला आणि पुढच्या चित्रात शॉकच्या जागी नुसता चिवडा. कडा नाही. काही नाही.

गेले कित्येक दिवस मी याच क्षणाची वाट बघत होते. आता तो आला, तर मी तेच चित्र दोनदा बंद करून पुन्हा उघडलं. ताई डबा खात होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ताई, गेला."

तिने डब्याचं झाकण लावलं, हात धुतले, येऊन चित्र पाहिलं. मग सरांना बोलावलं. सर म्हणाले, जुन्या रनमध्ये दिसलं तेवढंच मांडू आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट सांगू, कदाचित निभावेल. आवाजावरून कळत होतं की त्यांना स्वतःलाच ते पटत नाहीये.

मी म्हणाले, "मग मी रन थांबवते. उत्तर तर मिळालं."

"तुले कोणी म्हटलं थांबव?" ताई एकदम कडाडली. "भात शिजून राहिला अन् तू गॅस बंद करून राहिली! चालू दे."

"पण ताई, आहे की नाही एवढंच तर पाहायचं होतं ना?"

"चालू दे म्हटलं ना!"

पुढचे काही दिवस नाश्ता आला नाही. ती यायची, मशीनची खोली गार आहे ना ते पाहायची, आणि आपल्या जागेवर बसून प्रबंधाची पानं वाचत राहायची. कोणती पानं उरतील, ते आम्हा तिघांनाही माहीत नव्हतं.

आठवड्याने नवीन चित्रं आली. गोळा कमानीत विरघळून गेला होता, आणि त्याच्या वर, आधीपेक्षा थोडा तिरका, शॉक पुन्हा उभा होता. मग दुसरा गोळा पडला आणि शॉक फुटला. मग पुन्हा जुळला. आम्ही तिघं एका मॉनिटरसमोर दाटीवाटीने उभे होतो. ताईने सगळी चित्रं एकामागोमाग पळवली.

"सर," ती म्हणाली, "हे त आमच्या पारशिवनीची लाइट हाये!"

सर हसले. मग म्हणाले, "संघमित्रा, तिसरं प्रकरण पहिल्यापासून लिहावं लागेल."

"लिहून राहिली," ताई म्हणाली. खरंच, तिने तेव्हाच लॅपटॉप उघडला होता.

*

सेमिनारला बाहेरगावचे एक मोठे तज्ज्ञ आले होते. त्यांचा होकार आला तरच ताईचा प्रबंध पुढे जाणार होता. हे गृहस्थ जुळवून घेणारे नाहीत, असं सगळे सांगत होते. त्यांनी ताईचा, मी लॅबमध्ये यायच्या आधीचा, जुना पेपर वाचला होता आणि पानापानावर लाल खुणा करून सोबत आणला होता.

ताईने नवीन चित्रं दाखवायला सुरुवात केली. पहिल्यात शॉक होता. दुसऱ्यात नव्हता. तिसरं चित्र यायच्या आधीच तज्ज्ञांनी हात वर केला.

"थांबा. पेपरमध्ये तुम्ही म्हणता शॉक आहे. इथे एका चित्रात आहे, दुसऱ्यात नाही. हा सगळा तुमच्या ग्रिडच्या चौकटींचा खेळ दिसतोय."

"सर, पुढची चित्रं—"

"पुढची चित्रं राहू द्या. इतकी वर्षं तुम्ही या एका गोष्टीवर काम केलंय. मला लांबलचक उत्तर नको आहे." त्यांनी लाल पेन उघडलं. "एका शब्दात सांगा. तिथे शॉक आहे की नाही?"

सर पुढे वाकून बसले होते. मी वहीत 'आहे' लिहिलं, खोडलं, 'नाही' लिहिलं, तेही खोडलं.

ताईने हातातला पॉइंटर टेबलावर ठेवला.

"केव्हा?" ती म्हणाली.