हरणारीनं खायची मिरची

पार्बताबाई अकोल्याच्या बाजारात मिरची विकायची. जठारपेठेच्या पलीकडे तेव्हा मळेच मळे होते, त्यातला एक तिचा. वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले, आणि पार्बताच्या मिरचीचं नाव पार तेल्हाऱ्यापर्यंत चाले.

ते नाव एका दिवसात झालं होतं. ती लग्न होऊन आली त्या वर्षी एका गिऱ्हाइकानं विचारलं, तिखट हाये का? पार्बतानं बसल्या जागी अकरा मिरच्या कोरड्या खाल्ल्या आणि पाव शेर देऊ का अर्धा, म्हणून विचारलं. तेव्हापासून लोक मिरची चाखून पाहत नसत, पार्बताच्या तोंडाकडे पाहत.

पुढं चार वर्षांनी तिला मुदतीचा ताप आला. एकविसाव्या दिवशी ताप गेला, आणि जाताना तिखट सोबत घेऊन गेला. मिरचीचा कण जिभेवर पडला तरी तोंडात निखारा ठेवल्यासारखं होई. घरी तिचं वरण आधी वेगळं काढून मग फोडणी पडे. हे फक्त तिच्या नवऱ्याला, उत्तमरावाला, माहीत होतं, आणि तो वर्षात चारदा बोलणारा माणूस. बाजारात कळलं असतं तर पार्बताच्या पाटीकडं कोणी फिरकलं नसतं. शेजारची पाटी माणिकबाईच्या दिराची होती, आणि तीही मिरचीचीच.

ही माणिकबाई पार्बताची जिवाची मैत्रीण. फुलं विकायची, आणि फुलांबरोबर गावची बातमी फुकट द्यायची.

दर मार्गशीर्षात एक दिवस चौघीजणी पार्बताच्या मळ्यात जेवायला जमत: पार्बता, माणिकबाई, पेरूवाली वच्छला आणि बांगड्यावाल्या शफीकची बायको बिल्कीस. गोवऱ्यांच्या आरात रोडगे, त्याच आरात भाजलेली वांगी, तुरीचं वरण, मडकंभर दही. भरीत पार्बताच करी. आपल्यापुरतं झाकणाखाली काढून ठेवी, मग त्यात मिरच्या कुटून घाली. बिल्कीसच्या घरचं शिजवलेलं तेव्हा कोणी खात नसे, म्हणून ती कच्चं काहीतरी आणी. जेवताना तिचं पान हातभर लांब मांडत. जेवणं झाली की चौसराच्या पटाभोवती मात्र चौघींचे गुडघे एकमेकींना लागत. त्याचा विटाळ कोणी काढला नव्हता.

खेळाचा नेम असा, की जिच्या सोंगट्या सगळ्यांच्या मागून घरात जातील तिनं एक मिरची खायची, आख्खी, पाण्याशिवाय.

पार्बता सात वर्षांत एकदाही हरली नव्हती. कवड्या अशा फेकी की जणू घर गहाण पडलं आहे. माणिकबाई म्हणे, बाईले जिंकायची लय हाव. पार्बता हो म्हणे. शिवाय मिरच्या दर वर्षी तीच देई, विहिरीजवळच्या चार झाडांच्या, जाड्या, बुटक्या, भज्याच्या, तिखट नावालाही नसलेल्या. न जाणो.

त्या वर्षी बिल्कीस मावशीकडं तेल्हाऱ्याला जाऊन आली होती. तिनं पदराची गाठ सोडली. तिथल्या जहाल मिरच्या, बोटाच्या पेराएवढ्या, टोकाला काळपट. माणिकबाई म्हणाली, यंदा खेळाले ह्याच.

पार्बताचा हात तिथंच बिघडला. शेवटी पटावर तिची एक सोंगटी राहिली आणि वच्छलाची एक. पार्बताला तीन हवे होते, पडले चार. पुन्हा चार. वच्छलानं पेरूचा घास गिळता गिळता कवड्या टाकल्या आणि तिची सोंगटी घरात गेली.

"घे वं माय," माणिकबाईनं मिरची पुढं केली. "तुले का हाये, तू त अकरा खाल्ल्या."

पार्बतानं मिरची घेतली, देठ मोडला आणि चावली. तिखटानं कानातून वाफ निघते म्हणतात, ते खोटं आहे. कानात नुसतं घंटा वाजल्यासारखं होतं. तिनं समोरच्या वांग्यांच्या ओळींवर नजर ठेवली. तोंडाची एक रेघ हलू दिली नाही. पण डावा डोळा तिचं ऐकेना. त्यातून पाणी गालावर आलं आणि हनुवटीपर्यंत गेलं. माणिकबाई ते बघत होती.

"धूर येऊन रायला," पार्बता म्हणाली.

आर केव्हाच विझला होता. माणिकबाईनं मान वळवून राखेकडं पाहिलं.

बिल्कीस उठली. विहिरीकाठची ओली गोवरी आणून तिनं राखेत खुपसली आणि वाकून फुंकली. राखेच्या पोटात निखारा होता. असा धूर झाला की मळा दिसेना. वच्छला खोकू लागली, माणिकबाईनं पदरानं डोळे दाबले, आणि चौघी सारख्याच रडल्या.

धूर निवळल्यावर बिल्कीसनं दह्याचं मडकं पार्बताकडं सरकवलं. पार्बतानं ते तिथंच राहू दिलं.

"फिकी हाये," ती म्हणाली.

माणिकबाईला ते खरं वाटेना. तिनं एक उचलून खाल्ली. मग दह्याचं मडकं तिनंच संपवलं, आणि मोटेच्या पाण्यात तोंड घालून बराच वेळ बसली.

पुढच्या बाजारी फुलांच्या प्रत्येक गजऱ्याबरोबर बातमी गेली, की तेल्हाऱ्याची मिरची पार्बताले फिकी लागते. दुपारच्या आत तिची पाटी रिकामी झाली. माणिकबाईचा दीर भावजयीशी महिनाभर बोलला नाही.

पुढच्या मार्गशीर्षात मिरच्या मीच आणीन, असं बिल्कीसनं आधीच सांगून टाकलं. पार्बताला आठ दिवस झोप लागली नाही. बिल्कीसनं पदराची गाठ सोडली, तर आत जाड्या, बुटक्या, भज्याच्या. माणिकबाईनं नाक मुरडलं. बिल्कीस म्हणाली, बाजारात यंदा ह्याच होत्या. बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान पार्बताच्या पाटीच्या बरोबर समोर होतं, आणि त्या पाटीतली तिखट मिरची तिला रोज दिसे.

त्या दिवशी पार्बता तीनदा हरली. आठ वर्षांत पहिल्यांदा तिला खेळात मजा आली.