डावा कौल

देवाच्या तरंगाला पुन्हा हात लावता येईल की नाही, या एकाच शंकेने त्या पावसाळ्यात मला पोखरलं होतं. आमचं गाव कट्टा या बाजारगावापासून जवळ. दसऱ्याला ग्रामदेवतेची उंच काठी लुगडी नेसवून देवळातून आपट्यापर्यंत चालत न्यायची. तिलाच आम्ही तरंग म्हणतो. ती धरण्याचा मान आमच्या घराण्याचा, आणि वडलांनंतर मीच धरायचो. ती पडली तर सगळा गाव अशुभ मानतो. आणि उन्हाळ्यात विहिरीच्या शेवाळलेल्या चिऱ्यावरून घसरून माझा उजवा घोटा मोडला होता. प्लास्टर निघालं तेव्हा पाय वाळून गेला होता. त्या एका पायावर उभं राहून दुसऱ्यात चप्पलसुद्धा घालता येत नव्हती.

मी हट्टी माणूस. तेव्हा टीव्हीवर सकाळी योगासनं दाखवायचे. ती बघून मी पडवीत सुरुवात केली. पायांत ताकद यावी म्हणून वीरभद्रासन, आखडलेल्या शिरा सुटाव्यात म्हणून पश्चिमोत्तानासन, तोल सावरावा म्हणून वृक्षासन. भिंतीला धरून एका पायावर उभा राहिलो की बायको म्हणायची, "ह्या झाडाक नारळ कधी लागतले?" मला राग यायचा आणि त्या रागातच मी आणखी थोडा वेळ तग धरायचो. पण भिंत सोडली की संपलं. देवावर चिडून झालं, एकदा रडूनही झालं, तरी सराव सोडला नाही.

गणपतीनंतर सासुरवाडीला देवबागला गेलो होतो. सकाळी किनाऱ्यावर वीरभद्रासनात धडपडत असताना शेजारच्या घरी पाहुण्या म्हणून उतरलेल्या एक वयस्क बाई चालता चालता थांबल्या. म्हणाल्या, "सगळा भार चांगल्या पायावर टाकताय तुम्ही. त्या दुसऱ्या पायाला कधीच काम देणार नाही का? टाका भार. मी उभी आहे इथे." त्यांनी मला हात लावला नाही, नुसत्या बाजूला थांबल्या. मी भार टाकला. पाय थरथरला, पण टिकला. दुसऱ्या दिवशी त्यांना नमस्कार करायला गेलो तर त्या पहाटेच निघून गेल्या होत्या. त्यांचं नावही विचारायचं राहून गेलं. त्यांना माझ्याकडे कोणी पाठवलं याचा उलगडा करत मी बसलो नाही.

दसऱ्यापर्यंत मी भिंतीशिवाय उभा राहू लागलो. पण माझी दुखापत गावाला माहीत होती, म्हणून देवाला कौल लावला. देवाच्या पाषाणाच्या दोन बाजूंना फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्येचो पाय मोडलो होतो. आज तो तुझो तरंग धरूक उभो आसा. काय ता मोकळा सांग म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

डावी पाकळी पडली. मग बाबू, माझा चुलतभाऊ, याच्या नावाने विचारलं आणि उजवा कौल मिळाला. तडक घरी जावं असं वाटलं. पण तरंगाच्या मागे घराण्यातला एक माणूस चालावा लागतो, म्हणून अपमान गिळून मागे उभा राहिलो.

सकाळच्या सरीने देवळाच्या पायऱ्या ओल्या होत्या. उतरताना बाबूचा पाय सटकला आणि तो तरंगासकट मागे, माझ्यावर आला. मी छातीने त्याची पाठ अडवली, दोन्ही हातांनी काठी धरली. माझा डावा पाय अजून टेकलाच नव्हता. बाबूचा, तरंगाचा आणि माझा, सगळा भार मोडलेल्या पायावर आला होता. तो पाय हलला नाही. माणसं धावून येईपर्यंत मी तसाच उभा होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

इतके महिने मी देवाकडे मान मागत होतो. मेहनत माझी होती, पण तिचा उपयोग कुठे करायचा हे ठरवणारा मी नव्हतो. हे कळलं तेव्हा मन हलकं झालं.

पुढच्या वर्षी पाय पुरता बरा होता. कौल लावायच्या आधी गुरवाने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मीच बाबूचं नाव घ्यायला सांगितलं. बाबू म्हणाला, "तू माझ्या मागे आसलंस तरच मी धरतलंय."

तेव्हापासून दर दसऱ्याला मी त्याच्या मागे चालतो.