उतारावरची जीप

पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवेला लागून, एका हौशी माणसाने जुन्या गाड्यांचं संग्रहालय काढलं आहे. आमच्या ऑफिसची लिलावात गेलेली जीप तिथे ठेवली आहे असं कळलं, म्हणून गेलो. दारात तिकिटं फाडायला आमचा जुना ड्रायव्हर बसला होता. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: याला इथे कोणी ठेवलं? इथल्या गाड्यांच्या टाक्या कोण तपासतं?

कापसाचे भाव पडले त्या वर्षांत मी खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. राळेगावकडे बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या. आतला कापूस ओला तर नाही ना, हे बघायला मी कोपरापर्यंत हात घालायचो. शेतकरी माझ्या हाताकडे बघायचे, मी त्यांच्या डोळ्यांकडे. संशय घेणं हे माझं काम होतं, आणि काम संपलं तरी तो माझ्यासोबत जीपमध्ये बसायचा.

संध्याकाळी जिनिंगच्या आवारात ड्रायव्हरच्या नकळत मी जीपच्या टाकीत पऱ्हाटीची, कापसाच्या वाळक्या झाडाची, काडी बुडवायचो आणि ओल जिथवर आली तिथे खूण करायचो. सकाळी विश्रामगृहापुढे पुन्हा बुडवायचो. रोज दोन बोटं डिझेल कमी. लॉगबुक मात्र चोख जुळायचं. त्यावरून मी ठरवलं, हा पक्का चोर आहे. मी वर लेखी दिलं. त्याला गाडीवरून उतरवून गोदामाच्या पहाऱ्यावर बसवलं. बाजारात तो दिसला की ट्रॅक्टरवाले ओरडायचे, "टाकी झाका रे!" एकदा मीही हसलो होतो.

"या साहेब," तो उठून म्हणाला. "तुमची जीप मागं आहे. मीच धुतो तिले."

जीपशेजारी, लोखंडी घोडीवर, एक कापलेली टाकी तिरकी ठेवली होती. कापलेल्या बाजूला काच, आत रंगीत पाणी. खालच्या टोकाला ते काठोकाठ होतं. टाकीचं तोंड वरच्या टोकाला, तिथे जेमतेम बोटभर.

मी तिथेच थांबलो. आमच्या जीपचा स्टार्टर बिघडलेला असायचा. सकाळी ढकलावी लागू नये म्हणून तो ती विश्रामगृहापुढच्या उतारावर लावायचा. जिनिंगचं आवार सपाट होतं.

"ही अशी तिरकी कोणी ठेवली?"

"मीच."

"माझ्यासाठी?"

"नाही जी. लोकायले समजलं पाहिजे म्हणून. तुम्ही याल हे मले काय माहीत?"

मला ते खरं वाटलं नाही.

"मी काडी बुडवायचो, ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"हाव. फिल्टरमध्ये पऱ्हाटीची सालं निघत. साफ तर मीच करत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं कधी? काडीले विचारलं, लॉगबुकले विचारलं. मले नाही विचारलं."

मी हात जोडले. चुकलो म्हणालो. त्याने ते ऐकून घेतलं आणि टेबलावरची अभिप्रायाची वही माझ्यापुढे सरकवली.

"तवा लेखी दिलं होतं ना साहेब? मंग आता बी लेखीच द्या."

मी लिहिलं. काडी, सपाट आवार, उतार, सगळं. डिझेल कोणी चोरलं नव्हतं, चूक माझी होती, असंही लिहिलं. त्याने चष्मा लावला आणि ओळींवर बोट फिरवत दोनदा वाचलं.

"सही राह्यली."

मी सही केली. त्याने अंगठा जिभेला लावला आणि माझ्या अक्षरांवर जोरात घासला, शाई पुसते का ते बघायला.