आता दिसतंय का?

इंग्लंडात मी कालव्यावरच्या बोटीत राहायचो. बोट नव्या जागी बांधली की टीव्हीचा अँटेना पुन्हा फिरवावा लागे. शेजारच्या बोटीवरचे म्हातारबुवा टपावर चढत, तो जरासा वळवत, खाली येऊन पडदा बघत आणि परत चढत.

"पूर्वी बायको आतून सांगायची," ते म्हणाले.

मग मीच त्यांच्या खिडकीशी उभा राहिलो. लहानपणी बाबा कौलांवरून विचारायचे आणि आम्ही खालून ओरडायचो, तस्संच. टीव्ही एकट्याने बघता येतो, पण लावताना "आलं" म्हणणारं कुणीतरी लागतं.

"मुंग्याच आहेत... आलं, आलं! आता हलवू नका!"

चित्र अगदी स्वच्छ होतं. वर म्हातारबुवा हसल्याचं ऐकू आलं. मग अँटेना करकरला, चित्र गेलं आणि टपावरून हाक आली, "आता दिसतंय का?"